श्वासाचं सर्व्हिसिंग

हेमलता सावरगावकरांनी वयाच्या बावन्नाव्या वर्षी स्वतःसाठी एक रेग्युलेटर घ्यायचं ठरवलं, तेव्हा घरातल्या, सोसायटीतल्या आणि ऑफिसातल्या एकूण एक माणसानं त्यांना एकच प्रश्न विचारला, "गॅसचा, का पंख्याचा?"

पहिल्या दोघांना त्यांनी शांतपणे समजावलं. तिसऱ्यापासून आवाज चढत गेला. सातव्या माणसाला, म्हणजे त्यांचे यजमान विठ्ठलराव यांना, त्यांनी "तुमच्या अकलेचा!" असं उत्तर दिलं आणि पोळपाट आपटला. विठ्ठलरावांना खरं तर ठाऊक असायला हवं होतं. बाई तारकर्लीला चार दिवस राहून पाण्याखाली उतरायचं रीतसर शिक्षण घेऊन, परीक्षा देऊन, फोटोसकट कार्ड मिळवून आल्या होत्या आणि ते चारही दिवस हे गृहस्थ त्याच किनाऱ्यावर बाईंच्या चपला सांभाळत बसले होते.

आता रेग्युलेटर म्हणजे काय ते सांगून टाकलेलं बरं, म्हणजे आठवा माणूस तुम्ही व्हायला नको. पाण्याखाली जाणाऱ्याच्या पाठीवर सिलिंडर असतो. त्यात हवा इतकी दाबून कोंबलेली असते, की ती थेट तोंडात सोडली तर माणसाचे गाल कानामागे जातील. त्या माजलेल्या हवेला वठणीवर आणून, मागितली की आणि मागितली तेवढीच, तोंडात देणारं यंत्र म्हणजे रेग्युलेटर. एक धातूचा गड्डा सिलिंडरवर बसतो, त्यातून नळी निघते आणि नळीच्या टोकाचा भाग दातांत धरायचा. तो चालला तर आपण चाललो. तो थांबला तर आपणही.

तारकर्लीला बाईंना जो भाड्याचा मिळाला होता, त्यातून दर श्वासाला पाव चमचा समुद्र आत येत होता. वर आल्यावर त्यांनी तक्रार केली, तर तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, सगळ्यांना हाच देतो. अजून कुणी कम्प्लेंट केली नाही." जे तक्रार करण्याच्या अवस्थेत उरले नसतील त्यांचं काय, असं बाईंनी विचारलं. तो हसला. ते हसू बाई परभणीकडच्या असल्यामुळे पुण्याजवळ सूसला घरी पोचेपर्यंत विसरल्या नाहीत. परभणीकडची माणसं अपमान विसरतात, पण हसू विसरत नाहीत.

मग निवड सुरू झाली. बाईंनी महिनाभर वाचन केलं. एका प्रकारात दट्ट्या असतो, एकात पडदा असतो. दट्ट्यावाले पडदेवाल्यांना मूर्ख म्हणतात, पडदेवाले दट्ट्यावाल्यांना अडाणी. कुणी एक परदेशी गृहस्थ बाईंना इंटरनेटवर तळमळीनं सांगत होता, की बर्फाखाली गोठणार नाही असाच घ्या. सूसमध्ये जानेवारीत बाई स्वेटर काढून भाजी आणायला जातात.

खालच्या मजल्यावरचा मनीष हा सोसायटीचा सेक्रेटरी. हिंजवडीत नोकरी आणि सगळ्या विषयांत मत. तो लॅपटॉप घेऊनच वर आला. "ताई, मी कम्पॅरिझन शीट बनवलंय. बजेट थोडं स्ट्रेच करा, फ्यूचर-प्रूफ घ्या."

"तुम्ही कधी पाण्याखाली गेलाय का?"

"नाही, पण एअरचा विषय आहे ना? मी गेल्याच महिन्यात एअर फ्रायर घेतला."

बाईंनी त्याला चहा दिला नाही.

शेवटी फोनवरून दुकानदार गाठला. शैलेश नावाचा अत्यंत गोड आवाजाचा माणूस. "नमस्कार मॅडम! सरांच्या किती डाइव्ह झाल्यात?"

"कुठले सर?"

"म्हणजे, वापरणार कोण?"

"मी."

"अच्छा अच्छा! मग लेडीजसाठी आपल्याकडे जांभळ्या नळीचा आहे."

"नळी जांभळी असल्यानं हवेत काय फरक पडतो?"

"दिसायला छान दिसतं, मॅडम."

"वीस मीटर पाण्याखाली मला बघायला कोण येणार आहे? बांगडे?"

शैलेशनं विषय बदलला. सिलिंडरला बाहेरून शिकंज्यासारखा पकडणारा रेग्युलेटर हवा, का आटे फिरवून आत घट्ट बसणारा, असं विचारलं आणि वर सांगितलं, की किनाऱ्यावर बहुतेक ठिकाणी शिकंज्याचेच चालतात, मॅडमनी तोच घ्यावा. झालं. केवळ त्यानं सांगितलं म्हणून बाईंनी आट्यांचा घेतला. रागात घेतलेले निर्णय कधी कधी बरोबर निघतात. पण रागावलेल्या माणसाला ते त्या वेळी सांगायचं नसतं, नाही तर तो बदलतो.

माल परदेशातून यायचा होता. तो आला आणि एका सरकारी कचेरीत अडकला. पत्र आलं : 'श्वासोच्छ्वासाचे उपकरण. डॉक्टरची चिठ्ठी सादर करावी.' बाई अर्धी रजा टाकून गेल्या. विठ्ठलराव फायली धरायला बरोबर होते.

"पेशंटचं नाव?" समोरच्या साहेबांनी मान वर न करता विचारलं.

"पेशंट नाही. मी आहे."

"आजार?"

"आजार नाही."

"मग चिठ्ठी आणा."

बाईंनी डॉक्टरकडून दाखला आणला : हृदय उत्तम, फुप्फुसं उत्तम, पाण्याखाली जाण्यास हरकत नाही. साहेबांनी तो दोनदा वाचला. "यात तर तुम्हाला काहीच झालेलं नाही."

"बरोबर!"

"मग उपकरण कशाला?"

"अहो, पोहायच्या चष्म्याला तुम्ही डोळ्यांचा नंबर विचारता का?"

साहेबांनी खरोखर विचार केला. "त्याचा फॉर्म वेगळा आहे," ते म्हणाले.

बाई तिथं जे बोलल्या ते विठ्ठलरावांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही. सहा आठवडे गेले. पाचव्या खेपेला शेजारच्या टेबलावरच्या कारकून बाईंनी पुस्तकाचं एक पान उलटलं, 'खेळाचे साहित्य' असा शिक्का मारला आणि म्हणाल्या, "आधी सांगायचं नाही का, खेळायचं आहे म्हणून?"

"हा खेळ नाही!" असं म्हणायला हेमलताबाईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात विठ्ठलरावांनी त्यांच्या पायावर पाय दिला. बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी वेळेवर केलेली ही पहिली गोष्ट.

रेग्युलेटर घरी आला. वॉचमननं गेटवरच्या वहीत 'गॅस' असं लिहिलं, म्हणून मनीषनं ग्रुपवर 'स्फोटक पदार्थांबाबत सूचना' टाकली आणि तिला एकोणीस जणांनी अंगठे दाखवले. बाईंनी ग्रुप सोडला. वर्षभरात त्या तीनदा समुद्रात जाऊन आल्या. तिथल्या शिकंज्याच्या सिलिंडरना आट्यांचा रेग्युलेटर बसेना, म्हणून एक जोडणी आणावी लागली, पण श्वास असा कोरडा आणि गोड येत होता की बाई पाण्याखाली चक्क हसल्या, आणि हसल्यामुळे चष्म्यात पाणी गेलं.

मग सर्व्हिसिंगची वेळ आली. वर्षाला एकदा तो उघडून, धुऊन, आतल्या रबरी रिंगा बदलून घ्याव्या लागतात, वापरा अगर न वापरा. बाईंनी तो एका अधिकृत म्हणवणाऱ्या सर्व्हिस सेंटरला दिला. आठ दिवसांत देतो म्हणाले. अकरा आठवडे लागले. बाई फोन करायच्या, तिकडून उत्तर यायचं, "मॅडम, प्रोसेसमध्ये आहे." प्रोसेस म्हणजे काय असं विचारलं, की "सर आले की सांगतो." या देशात इतके सर आहेत आणि त्यांतला एकही जागेवर नसतो!

अखेर खोकं आलं. रेग्युलेटर चकचकीत. वर गोल हिरवा स्टिकर : 'सर्व्हिस झाले'. आणि तळाशी एक छोटी प्लास्टिकची पिशवी. त्यात एक रबरी रिंग, एक बारकी स्प्रिंग आणि चिठ्ठी. चिठ्ठीवर एकच शब्द : 'एक्स्ट्रा'.

शिलाई मशिन दुरुस्त करून आणलं आणि एखादा स्क्रू उरला, तर माणूस तो डब्यात टाकून देतो. पण ज्याच्या भरवशावर आपण पाण्याच्या तळाशी श्वास घेणार, त्यातली स्प्रिंग उरलीच कशी? बाईंनी ती पिशवी मुठीत आवळली. विठ्ठलरावांना वाटलं भीतीनं. ती भीती नव्हती.

फोन लावला. "चालतंय ना मॅडम? मग एक्स्ट्राच असेल."

"चालतंय की नाही हे मी कुठं बघू? बादलीत डोकं घालून?"

"एक काम करा, सरांना द्या ना फोन."

बाईंनी फोन भिंतीवर मारला नाही, कारण भिंतीपाशी विठ्ठलराव उभे होते. ते म्हणाले, "मी एक सुचवू का?" बाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. पण विठ्ठलराव पुढे बोलले. ते दरवर्षी घोटावड्याला हैबतरावांकडून इंद्रायणी तांदूळ आणायचे. हे हैबतराव पिरंगुटकडच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं नोकरीला होते. आग लागली, वायू सुटला, तर कामगारांनी तोंडाला लावायचे हवेचे मुखवटे आणि सिलिंडर तपासायचं काम त्यांच्याकडे असायचं. निवृत्तीनंतरही दोन-तीन कारखान्यांचे संच त्यांच्या गोठ्यामागच्या शेडमध्ये तपासणीला येत.

"हे तुम्ही मला आत्ता सांगताय?"

"तू 'गॅसचा का पंख्याचा'पासून माझ्याशी नीट बोललीच नाहीस."

रविवारी दोघं घोटावड्याला गेले. हैबतराव साठी उलटलेले, उंच, वाळलेले. त्यांनी आधी साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, बाकावर पांढरं फडकं पसरलं आणि मगच रेग्युलेटर हातात घेतला. बाईंना पहिल्यांदा बरं वाटलं. त्यांच्या सिलिंडरला आट्यांचीच जोडणी होती. रेग्युलेटर असा बसला, जणू तिथलाच. हैबतरावांनी नळीला एक मीटर लावला आणि हवा सोडली.

"ताई, ह्यो काटा बघा. नऊ-धाच्या मधी थांबाया पायजे."

काटा दहावर आला. थांबला नाही. अकरा. साडेअकरा. बारा. मग तोंडात धरायचा भाग आपोआप फुसफुसायला लागला आणि थांबेचना.

"चढतीया," हैबतराव म्हणाले आणि त्यांनी हवा बंद केली. "आत हवा आडत न्हाई. खाली ग्येल्यावर ह्यो असाच मोकळा सुटला असता, आन् सिलिंडर बघता बघता रिकामा. ही स्प्रिंग जास्तीची न्हाई, ताई. ही आतली हाय."

विठ्ठलरावांनी स्प्रिंग उचलून परत पिशवीत जपून घातली.

"तुम्ही दुरुस्त कराल?" बाईंनी विचारलं.

"न्हाई."

"का? तुम्हाला सगळं कळतंय."

"माजा हात मुखवट्यावर बसलाय. ह्येच्या कंपनीचं माप मला ठावं न्हाई. आंदाजानं क्येलं, तर मी बी त्येंच्यातलाच की." त्यांनी कागदावर तारीख, वेळ आणि काट्याचे आकडे लिहून खाली सही केली. "पर येतो तुमच्यासंगं. त्येनला ह्ये मीटरवर दावतो."

सोमवारी अकरा वाजता तिघं सर्व्हिस सेंटरमध्ये दाखल झाले. काउंटरमागे गॉगल डोक्यावर चढवलेला मालक होता. तो हैबतरावांकडे वळला. "बोला सर."

"मला का इचारतुयास? जिचं हाय तिला इचार."

बाईंनी पिशवी काउंटरवर ठेवली. हैबतरावांनी रेग्युलेटर तिथल्या सिलिंडरवर चढवून मीटर लावला. काटा बारावर गेला, फुसफुस सुरू झाली. मालक म्हणाला, "थोडंफार तर चालतं मॅडम."

कोपऱ्यात चाचणीसाठी पाण्याची मोठी टाकी होती. बाईंनी तिकडे बोट दाखवलं. "हा दातांत धरा आणि त्या टाकीत डोकं घालून दहा मिनिटं बसा. माझ्यासमोर."

"मॅडम, मला सर्दी आहे."

"सर्दी!" बाईंच्या आवाजानं शोकेसची काच थरथरली. "मी बुडाले असते तर माझ्या घरी काय सांगणार होतात? बाईंना सर्दी झाली?"

मालकाचा गॉगल डोक्यावरून नाकावर आला. हळूहळू खरं बाहेर पडलं. काम जाणणारा कारागीर एप्रिलमध्येच सोडून गेला होता. तेव्हापासून मालक स्वतःच व्हिडिओ बघून उघडत होता, धूत होता आणि जमेल तसं बंद करत होता. स्टिकर मात्र आधीच छापून घेतलेले होते.

त्याच्या मागच्या फळीवर रेग्युलेटर ओळीनं लटकत होते. प्रत्येकावर हिरवा स्टिकर. बाईंनी मोजले. तेवीस.

इथं बाईंचा आवाज एकदम खाली आला. विठ्ठलराव सांगतात, की तेहतीस वर्षांत त्यांना बाईंच्या आरडाओरड्याची कधी भीती वाटली नाही, त्या दिवशीच्या हळू आवाजाची वाटली.

"हे कुणाकुणाचे आहेत, ती वही काढा," बाई म्हणाल्या. "आणि एप्रिलपासून जे परत पाठवलेत, त्यांचीही नावं. फोन लावा. एकेकाला सांगा, सर्व्हिसिंग झालेलं नाही, पाण्यात उतरू नका."

"मॅडम, माझा धंदा बसेल."

"तुमचा धंदा बसेल. ती माणसं तळाला जाऊन बसतील. लावा."

बाई खुर्ची ओढून बसल्या. मालक फोन लावत होता, बाई नावापुढे खूण करत होत्या. कुणी शिव्या घातल्या, कुणी आभार मानले, एकानं "तुम्ही कोण बोलताय, सरांना द्या" म्हटलं तेव्हा बाईंनी फोन स्वतःकडे घेतला आणि त्याला इतकं व्यवस्थित समजावलं की तो शेवटी "हो, मॅडम" एवढंच म्हणाला. एकाची मुलगी दोन दिवसांनी अंदमानला निघाली होती. तिच्या आईनं फोनवर नुसता श्वास घेतला आणि बराच वेळ सोडलाच नाही. साडेचारला शेवटचं नाव झालं. मधल्या वेळेत विठ्ठलरावांनी दोनदा वडापाव आणले आणि हैबतरावांनी फळीवरचे सगळे हिरवे स्टिकर नखानं खरवडून काढले.

बाईंचा रेग्युलेटर पुढे गोव्याला करिष्मा नावाच्या कारागीर मुलीकडे गेला. तिनं व्हिडिओ कॉल लावून प्रत्येक भाग उघडताना आणि बसवताना दाखवला. "बघितलंत ना, मावशी? आता काहीच उरलेलं नाही." तिनं रिकामा हात कॅमेऱ्यापुढे धरला. नऊ दिवसांत रेग्युलेटर परत आला, हैबतरावांच्या मीटरवर काटा साडेनऊवर येऊन गुमान उभा राहिला.

"समुद्रात नंतर जावा," हैबतराव म्हणाले. "आदी माज्या हिरीत. माज्या डोळ्यांम्होरं."

त्यांची विहीर ऐसपैस होती, पायऱ्यांची. उतरत्या पायऱ्या थेट पाण्यात जायच्या, पुढे पुरुषभर आणि वर थोडं पाणी. बाईंच्या पाठीवर हैबतरावांचा सिलिंडर चढवला आणि कमरेला दोर बांधला. दोराचं दुसरं टोक हैबतरावांनी धरलं आणि त्यांच्यामागे, काही उपयोग नसताना, विठ्ठलरावांनी. एक हिसका म्हणजे ठीक, दोन म्हणजे वर घ्या. काठावर हैबतरावांच्या मंडळी चिमाबाई शेरडं घेऊन उभ्या होत्या. त्यांनी बाईंचा काळा पोशाख खालपासून वरपर्यंत न्याहाळला.

"आगं बाई, ह्ये काय टायर घातलंय?"

बाईंनी रेग्युलेटर दातांत धरला आणि त्या पाण्याखाली गेल्या.

खाली हिरवट उजेड होता. दगडाच्या फटीतून एक मासोळी बघत होती. बाई तळाच्या पायरीवर बसल्या. श्वास आत, श्वास बाहेर, बुडबुडे वर. खाली कुणी सर नव्हते. कुणी फॉर्म मागत नव्हतं, कुणी तुलना करून दाखवत नव्हतं. दीड वर्षात पहिल्यांदाच त्यांना कुणी काही सुचवलं नाही. दर मिनिटाला दोराला हिसका येत होता, तो अर्थात विठ्ठलरावांचा. पहिल्या पाच हिसक्यांना बाईंनी उत्तर दिलं. सहाव्याला इतका जोरात दिला, की वर विठ्ठलराव हैबतरावांच्या पाठीवर आदळले आणि मग गप्प बसले. बाईंचा जबडा, जो तारकर्लीपासून आवळलेला होता, तो कधी सैल पडला ते त्यांनाही कळलं नाही.

पंचवीस मिनिटांनी त्या वर आल्या, तर कमरेएवढ्या पाण्यातल्या पायरीवर चिमाबाई लुगडं खोचून उभ्या. शेरडं काठावर तशीच सोडलेली.

"येवडा येळ खाली काय करत हुतीस?"

"काही नाही, वहिनी. बसले होते."

"कुनी बोलत न्हाई तितं?"

"नाही."

चिमाबाईंनी वर घराकडे पाहिलं. तिथून दोन सुनांचं भांडण, टीव्ही आणि नातवाचं रडणं एकदमच ऐकू येत होतं. "दे हिकडं," त्या म्हणाल्या.

हैबतराव वरून ओरडले, "आगं, ये, खुळी का काय तू!" त्यांच्याकडे दोघींपैकी कुणीही पाहिलं नाही. बाईंनी तोंडात धरायचा भाग पाण्यात खळाखळा विसळला, दातांत कसा धरायचा ते दाखवलं, श्वास रोखायचा नाही म्हणून तीनदा बजावलं आणि चिमाबाईंचा हात घट्ट पकडला. चिमाबाई पायरीवर गुडघे टेकून बसल्या. पाणी डोक्यावरून गेलं. बुडबुडे आले. आधी भराभर, मग सावकाश, मग अगदी संथ. काठावरची शेरडं पुढे होऊन बघायला लागली. विठ्ठलरावांनी न राहवून दोराला हात घातला, तो बाईंनी नुसत्या नजरेनं सोडवला.

बऱ्याच वेळानं चिमाबाई वर आल्या. त्यांनी तोंडावरचं पाणी निपटलं. घरातला कालवा चालूच होता.

"ह्येच्यापायी तू त्या दुकानदाराशी भांडलीस व्हय?" त्यांनी विचारलं. "ह्ये सांगत हुते. दिसभर भांडलीस म्हनं."

"हो."

चिमाबाईंनी रेग्युलेटर पुन्हा दातांत धरायला हात पुढे केला.

"मंग लई कमी भांडलीस."